तंजावरचे सरफोजी राजे

महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, कावेरी नदीच्या सुपीक प्रदेशात तंजावर नावाचे एक प्राचीन नगर आहे. चोल राजांनी सुमारे एक हजार वर्षांपूर्वी बांधलेले बृहदीश्वराचे उत्तुंग मंदिर हे त्या नगराचे भूषण होय. आसमंतात सर्वत्र तामिळ भाषा कानी पडते. पण ह्या मंदिराच्या भिंतीजवळ जावे, तो तिच्यावर एक प्रदीर्घ मराठी लेख कोरलेला दिसतो. इतक्या दूर आपली भाषा दगडावर उमटलेली पाहून कोणाही मराठी माणसाला विस्मय वाटल्यावाचून राहत नाही.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावरास भोसल्यांची गादी स्थापिली. त्या गादीवर जे अनेक राजे होऊन गेले, त्यांत दुसरे सरफोजी राजे यांचे नाव विशेष आदराने घेतले जाते. भोसले कुळाचा इतिहास सांगणारा तो लेख १८०३ साली त्यांनीच कोरवून घेतला. सरफोजी राजांनी रणांगण गाजविले नाही, की नवा मुलूख जिंकला नाही. उलट, हाती आलेले राज्यही त्यांना सोडून द्यावे लागले. असे असूनही त्यांची कीर्ती आज टिकून आहे. ती कशामुळे, हे त्यांच्या चरित्रावरून कळून येईल.

सरफोजींचा जन्म १७७७ साली सप्टेंबर महिन्यात भोसल्यांच्याच एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना गादीला वारस नव्हता. म्हणून १७८७ साली त्यांनी ह्या मुलाला दत्तक घेतले. त्या वेळी तुळजाजी आजारी होते व त्यांचा अंतकाळ जवळ आला होता. आपल्यामागे ह्या कोवळ्या मुलाचे कसे होईल, ही चिंता त्यांना लागून राहिली. तंजावरास श्वार्ट्झ नावाचे एक वृद्ध जर्मन धर्मोपदेशक राहत असत. त्यांच्या सचोटीबद्दल सर्वांनाच विश्वास वाटे. तुळजाजींनी मुलाचा हात त्यांच्या हाती दिला आणि थोड्याच दिवसांत डोळे मिटले.

पुढे व्हायचे तेच झाले. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी राज्य आपल्या हाती घेतले. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असा निर्णय कंपनी सरकारानेही त्या वेळी दिला. राजवाड्यात सरफोजींचे फार हाल झाले. त्यांच्या शिक्षणाची तर कोणी पर्वाच केली नाही. श्वार्ट्झ यांना हे पाहवेना. त्यांनी वारंवार खटपट केली आणि अखेर १७९३ साली सरफोजींना मद्रासेस सुरक्षित ठिकाणी हलविण्यात आले. त्या वेळी ते सोळा वर्षांचेही नव्हते.

मद्रासेतील ती वर्षे सरफोजींच्या आयुष्यातील सोन्याची वर्षे ठरली. गादी मिळेल की नाही, ह्याची शाश्वती नव्हती. पण विद्या मिळविण्याच्या आड कोणी येत नव्हते. घरची मराठी व विद्वानांची संस्कृत ह्यांबरोबर तामिळ, तेलुगू आणि इंग्रजी ह्या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. युरोपातील इतर भाषांचाही त्यांनी परिचय करून घेतला. गणित, भूगोल, ज्योतिष, वनस्पतिशास्त्र, शरीरशास्त्र अशा नाना विषयांत त्यांचे मन रमू लागले. एखादी गोष्ट कानांनी ऐकली म्हणजे ती खरी मानावयाची नाही, ती डोळ्यांनी पाहून पारखून घ्यावयाची, ही सवय त्यांना जडली.

दत्तकविधानाचा प्रश्न पुन्हा तपासला गेला आणि निकाल सरफोजींच्या बाजूने लागला. १७९८ च्या जून महिन्यात ते तंजावरच्या गादीवर बसले. मात्र ज्यांनी त्यांना पित्याप्रमाणे सांभाळले, ते श्वार्ट्झ काही महिन्यांपूर्वीच निवर्तले होते. त्यांच्या स्मरणार्थ राजांनी पुढे संगमरवरी शिल्प घडवून घेऊन तंजावरच्या चर्चमध्ये बसविले. गुरूचा धर्म वेगळा होता. तथापि राजांची कृतज्ञता त्यामुळे उणावली नाही.

राज्यसुख मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही. १७९९ च्या ऑक्टोबर महिन्यात कंपनी सरकाराने त्यांच्याशी तह केला. राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा प्रदेश, ठराविक नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. बावीस वर्षांचा तरुण राजा नावाचाच राजा राहिला. अशा स्थितीत कित्येक संस्थानिकांनी नाचरंगात व शिकारीत आयुष्य घालविले आहे. सरफोजींनी वेगळा मार्ग धरला. सत्ता गेली, तरी विद्या आपल्या हाती आहे आणि तिचा उपयोग प्रजेच्या कल्याणासाठी करता येईल, हे त्यांनी ओळखले.

राजवाड्यात नायक राजांच्या वेळेपासून चालत आलेला सरस्वती महाल नावाचा ग्रंथसंग्रह होता. सरफोजींनी त्याचे भांडार अपार वाढविले. युरोपातून त्यांनी हजारो ग्रंथ विकत आणविले. काशीयात्रेस गेले असता वाटेतील क्षेत्रांतून आणि काशीतून हस्तलिखिते जमविली. राजांची सही असलेली पुस्तके आजही तेथे पाहावयास मिळतात.

१८०५ च्या सुमारास त्यांनी राजवाड्यात देवनागरी अक्षरांचा छापखाना घातला. १८०६ साली त्यातून बालबोध मुक्तावली नावाचे मराठी पुस्तक बाहेर पडले. त्यात इसापच्या गोष्टी होत्या. त्या काळी महाराष्ट्रातही मुलांच्या हाती छापील मराठी पुस्तक पडत नसे. ओरतनाडु येथे त्यांनी अन्नछत्र चालविले व त्याला जोडून पाठशाळा काढल्या. तेथे मुलांना भोजन व शिक्षण विनामूल्य मिळे.

परंतु सरफोजी राजांच्या जीवाला सर्वांत प्रिय असे कार्य म्हणजे त्यांचे धन्वंतरी महाल. येथे रोग्यांवर उपचार होत आणि औषधांचे संशोधनही चाले. आयुर्वेद जाणणारे वैद्य, तामिळ देशातील सिद्ध वैद्य, युनानी हकीम आणि युरोपीय विद्या शिकलेले डॉक्टर ह्या सर्वांना राजांनी एका छपराखाली आणले. कोणाची विद्या श्रेष्ठ, ह्यावर वाद घालण्यापेक्षा कोणत्या औषधाने रोग्याला खरोखर गुण येतो, हे पाहावे, असा त्यांचा कटाक्ष होता. औषधी वनस्पतींची रंगीत चित्रे त्यांनी काढविली. अनुभवास उतरलेली औषधे तामिळ पद्यांत ग्रथित करविली. शरीराची रचना अभ्यासता यावी म्हणून मानवी सांगाड्याची हस्तिदंती प्रतिकृती त्यांनी करवून घेतली होती. प्रवासास निघाले तरी शस्त्रक्रियेच्या हत्यारांची पेटी त्यांच्याबरोबर असे, असे सांगतात.

धन्वंतरी महालात डोळ्यांच्या विकारांकडे विशेष लक्ष दिले जाई. ह्याचे मोल समजण्यासाठी त्या काळाची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक निसर्गदत्त भिंग असते. वयोमानाने ते गढूळ होते, त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. सुईने ते गढूळ भिंग बाजूला सारण्याची कृती सुश्रुतसंहितेत वर्णिलेली आहे. ती आपल्या देशात शतकानुशतके चालत आली होती. अठराव्या शतकात दाव्हिएल नावाच्या फ्रेंच शस्त्रवैद्याने ते भिंग डोळ्यातून बाहेर काढण्याची रीत प्रचारात आणली. दोन्ही रीतींत धोका मोठा होता. रोग्याला भूल देण्याची विद्या तेव्हा नव्हती. ईथरची भूल १८४६ साली आली. डोळा बधिर करणारे थेंब तर १८८४ साली मिळाले. जंतूंमुळे जखम चिघळते, हेही कोणास ठाऊक नव्हते. डोळ्याच्या आत डोकावून पाहण्याचे यंत्र हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली शोधून काढले. सरफोजींच्या वेळी ते कोठून असणार? रोग्याला शुद्धीवर ठेवूनच, त्याला न हलण्यास बजावून, डोळ्यात सुई किंवा शस्त्र घालावे लागे. हात किंचित चुकला, तर उरलीसुरली दृष्टीही जाई.

अशा अवघड काळात सरफोजी राजांच्या देखरेखीखाली युरोपीय डॉक्टरांच्या साहाय्याने नेत्ररोग्यांवर उपचार होत असत. पण ह्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या रोग्यांची टिपणे लिहून ठेवली जात. रोगी कोण, त्याची तक्रार कोणती, डोळा तपासता काय आढळले, कोणता उपचार केला आणि पुढे गुण कसा आला, हे मोडी लिपीत व इंग्रजीतही नोंदले गेले. इतकेच नव्हे, तर चित्रकारांकडून रोगट डोळ्यांची रंगीत चित्रे काढवून त्या टिपणांना जोडली. त्या काळी छायाचित्रे नव्हती. म्हणून कुंचला हाच वैद्याचा साक्षीदार झाला.

साध्या रयतेतील एका माणसाचा दुखरा डोळा, आणि त्याचे चित्र राजाने आपल्या संग्रही जपून ठेवावे! ह्यात केवळ हौस नव्हती. डोळ्याला शस्त्र लावण्यापूर्वी तो नीट पाहावा, पाहिले ते लिहावे, आणि शस्त्र लावल्यावर रोग्याला विसरू नये, ही त्यामागची दृष्टी होती. टिपण नसेल, तर वैद्याची चूक झाकली जाते व चांगला अनुभवही वाया जातो. टिपण असेल, तर एकाच्या दुःखातून दुसऱ्याच्या सुखाचा मार्ग सापडतो.

१८२६ साली कलकत्त्याचे बिशप हेबर हे तंजावरास आले. राजांचा ग्रंथसंग्रह, वायू उपसण्याचा पंप, विजेचे यंत्र, ज्योतिषाची उपकरणे आणि तो हस्तिदंती सांगाडा पाहून ते थक्क झाले. युरोपातील शास्त्रज्ञांच्या ग्रंथांविषयी राजे त्यांच्याशी सहजपणे बोलत होते. विलायतेतील रॉयल एशियाटिक सोसायटीनेही सरफोजींना आपले सन्माननीय सभासद करून घेतले.

१८३२ च्या मार्च महिन्याच्या ७ तारखेस सरफोजी राजांचे निधन झाले. त्यांच्यामागून त्यांचे पुत्र शिवाजी राजे गादीवर आले. १८५५ साली तेही निवर्तले आणि पुत्र नसल्याचे निमित्त करून कंपनी सरकाराने तंजावरची गादी खालसा केली. राज्य गेले, वैभव गेले. पण सरस्वती महाल राहिला. १९१८ साली तो सर्व लोकांसाठी खुला झाला. त्यातील नेत्ररोग्यांची टिपणे व चित्रे पाहून आपल्या काळातील नेत्रतज्ज्ञांनीही त्यांचे कौतुक केले आहे.

सरफोजींनंतर नेत्रवैद्यक फार पुढे गेले. ज्या मद्रासेत त्यांनी विद्या मिळविली, तेथल्याच विद्यापीठात पुढे शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन हे शास्त्रज्ञ अमेरिकेत गेले. १९८१ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह असे दाखवून दिले, की एका विशिष्ट अतिनील लेसर किरणाने सजीव पेशीजाल आसपास न भाजता अत्यंत सूक्ष्म प्रमाणात कोरता येते. ह्या शोधातून चष्म्याचा नंबर घालविणाऱ्या लेसर शस्त्रक्रियेचा पाया घातला गेला. सरफोजींच्या वेळची सुई आणि आजचा हा किरण यांत महदंतर आहे. तरीही रोग्याने पाळावयाचा नियम जुनाच आहे: आधी पाहणे, मग शस्त्र.

हा किरण काय करतो, ते थोडक्यात समजून घेऊ. डोळ्याच्या अगदी पुढे काचेसारखे पारदर्शक आवरण असते. त्याला पारपटल म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी अर्ध्या मिलिमीटरहून किंचितच अधिक असते. बाहेरून आलेले प्रकाशकिरण मुख्यतः पारपटलाच्या गोलाईमुळे वळतात व मागच्या दृष्टिपटलावर एकत्र येतात. डोळा लांबट असला किंवा ही गोलाई अधिक असली, तर किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि दूरचे अंधुक दिसते. चष्म्याचे भिंग हा दोष डोळ्याबाहेरून सुधारते. लेसर किरण पारपटलालाच थोडेसे कोरून त्याची गोलाई बदलतो. थेंबांनी डोळा बधिर करतात. प्रत्यक्ष काम काही मिनिटांत आटोपते.

काम थोड्या वेळाचे, म्हणून विचारही थोडाच करावा, असे मात्र नाही. कोरलेले पारपटल पुन्हा पूर्ववत भरून येत नाही. म्हणून पारपटल किती जाड आहे, त्याचा आकार सारखा आहे की ते शंकूसारखे पुढे येऊ लागले आहे, डोळे कोरडे पडतात काय, हे यंत्रांनी काळजीपूर्वक तपासतात. पारपटल फार पातळ अथवा विकृत असेल, तर चांगला डॉक्टर ही शस्त्रक्रिया करण्याचे नाकारतो. असा नकार हाही उपचारच समजावा. अठरा वर्षांखालील मुलांवर ती सहसा करीत नाहीत. कारण वाढत्या वयात नंबर बदलत असतो. मोठ्यांचाही नंबर निदान वर्षभर स्थिर असावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर डोळे चोळता येत नाहीत, औषधाचे थेंब नेमाने घालावे लागतात आणि सांगितलेल्या दिवशी पुन्हा तपासून घ्यावे लागते. काहींना काही दिवस डोळे कोरडे वाटतात, तर काहींना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात. चाळिशीनंतर वाचण्यासाठी लागणारा चष्मा ह्या शस्त्रक्रियेने कायमचा टळत नाही. पुढे मोतीबिंदू होण्याचेही टळत नाही.

येथे सरफोजींच्या टिपणांची आठवण होते. लेसर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला उतारवयात मोतीबिंदू झाला, तर डोळ्यात बसवावयाच्या कृत्रिम भिंगाची शक्ती ठरविणे कठीण जाते. कारण पारपटलाची मूळ गोलाई बदललेली असते. अशा वेळी आधीच्या तपासणीचे कागद जवळ असले, म्हणजे डॉक्टरांना मोठी मदत होते. म्हणून आपल्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद प्रत्येकाने जन्मभर जपून ठेवावेत. तंजावरच्या राजाने परक्या माणसांच्या डोळ्यांची टिपणे जपली; आपल्या डोळ्यांची टिपणे आपण जपू नयेत काय?

तंजावर कोठे आणि सातपुड्याच्या पायथ्याचे, नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा कोठे! एक कावेरीच्या काठचे, तर दुसऱ्याच्या तालुक्याची उत्तर सीमा नर्मदेला भिडलेली. पण डोळा सर्वत्र सारखाच. अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांतील एखाद्या शाळेत मागच्या बाकावरील मुलाला फळ्यावरचे दिसत नाही. तो अभ्यासात मागे पडतो आणि लोक त्याला मठ्ठ समजतात. त्याला लेसर नको असतो. डोळे तपासून दिलेला योग्य नंबरचा साधा चष्मा त्याला पुरेसा असतो. घरातील आजोबांना मोतीबिंदू झाला असेल, तर त्यांनाही लेसरने नंबर घालविण्याचा उपयोग नाही. गढूळ झालेले भिंग काढून नवे बसवावे लागते. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला, तेव्हापासून सरकारी रुग्णालयांतून ह्या शस्त्रक्रियेची सोय होत आली आहे. कोणाला चष्मा, कोणाला शस्त्रक्रिया आणि कोणाला नुसती विश्रांती हवी, हे तपासणीवाचून कळत नाही. जाहिरात वाचून किंवा शेजाऱ्याचे ऐकून ते ठरवू नये. डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावे आणि समजेपर्यंत विचारावे.

सरफोजी राजांच्या हाती राज्य उरले नव्हते. पण रोग्याकडे नीट पाहणारी दृष्टी उरली होती. तिच्या बळावर त्यांनी जे केले, ते राज्य बुडाल्यावरही बुडाले नाही. ज्या रयतेच्या डोळ्यांची चित्रे त्यांनी काढविली, ती माणसे केव्हाच काळाआड गेली. पण त्यांच्यापैकी एकेकाची एका राजाने आस्थेने विचारपूस केली होती, ह्याची साक्ष ते कागद अद्यापि देत आहेत.